केटीचं भाडं

पॉडकास्टच्या गेल्या भागात ब्रिटनमधल्या घरभाड्यांवर बोलताना मी ‘आय, डॅनियल ब्लेक’चं नाव घेतलं आणि घाईघाईत पुढे गेलो. नंतर वाटलं, तिथे थांबायला हवं होतं. केन लोचचा हा २०१६ सालचा चित्रपट सगळ्यांना भुकेचा चित्रपट म्हणून आठवतो. माझं म्हणणं असं, की तो मुळात घरभाड्याचा चित्रपट आहे, फक्त त्याचं स्वतःचंच तिकडे पुरेसं लक्ष नाही. कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवलेल्या चित्रपटाबद्दल असं म्हणणं जरा आगाऊपणाचं वाटेल. तरी ऐकून घ्या.

गोष्ट थोडक्यात सांगतो. डॅनियल हा न्यूकॅसलचा ५९ वर्षांचा सुतार. त्याला हृदयविकाराचा झटका येतो. डॉक्टर म्हणतात, काम करू नका. सरकारी तपासणी म्हणते, तुम्ही कामाला लायक आहात. या दोन वाक्यांच्या चिमट्यात सापडलेला डॅनियल जॉबसेंटरमध्ये जातो आणि तिथे त्याला केटी भेटते. केटी तरुण आहे, एकटी आहे, डेझी आणि डिलन ही तिची दोन मुलं. ती लंडनहून नुकतीच आली आहे. बस चुकते, वेळेला उशीर होतो आणि तिचा भत्ता कापला जातो. पुढे फूड बँकेतला तो प्रसंग येतो. रांगेतून पिशवी भरता भरता केटी डबा फोडते, हातानेच खायला लागते आणि कोसळते. चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, हाच प्रसंग सांगतील.

पण तुम्ही जरा मागे या आणि एक साधा प्रश्न विचारा. ही लंडनची मुलगी न्यूकॅसलला आलीच कशी?

उत्तर चित्रपटातच आहे, दोन-चार वाक्यांत आटोपलेलं. जुन्या घरात गळती होती, मुलगा आजारी पडत होता. तिने तक्रार केली, मालकाने घराबाहेर काढलं. मग दोन वर्षं बेघरांच्या वसतिगृहात, तिघांना मिळून एक खोली. शेवटी घर मिळालं ते जवळजवळ तीनशे मैल दूर, जिथे ओळखीचं चिटपाखरूही नाही. लोचचा कॅमेरा हे ऐकून घेतो आणि लगेच जॉबसेंटरच्या काउंटरकडे परत वळतो. माझी तक्रार नेमकी इथे आहे. या दोन-चार वाक्यांत गेल्या पन्नास वर्षांचं धोरण दडलेलं आहे.

पन्नास म्हणतोय ते सहज नाही. याच लोचने १९६६ मध्ये बीबीसीसाठी ‘कॅथी कम होम’ केला होता. सुमारे सव्वा कोटी लोकांनी तो पाहिला. त्यातली कॅथी नवऱ्या-मुलांसह एका निवाऱ्यातून दुसऱ्या निवाऱ्यात घसरत जाते आणि शेवटी रेल्वे स्टेशनवर तिच्या मुलांना तिच्यापासून ओढून नेलं जातं. त्याच डिसेंबरमध्ये ‘शेल्टर’ ही संस्था सुरू झाली. कॅथीच्या काळातला प्रश्न सरळ होता, घरंच पुरेशी नव्हती. म्हणून उत्तरही सरळ होतं, बांधा. कौन्सिलं बांधतही होती. नंतर १९८० च्या कायद्याने कौन्सिलची घरं राहणाऱ्यांनाच सवलतीत विकायला काढली गेली. १९८८ च्या कायद्याने नव्या खासगी भाडेकरारांवरचं भाडेनियंत्रण उठलं, आणि कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामं करून घ्यायची सोय मालकांना मिळाली. हेच ते प्रसिद्ध कलम २१. (ते रद्द करणारा कायदा व्हायला २०२५ साल उजाडावं लागलं.) केटीच्या गळक्या छताची गोष्ट या कलमाशिवाय समजत नाही. तक्रार करणाऱ्या भाडेकरूला काढण्यासाठी मालकाला तक्रारीचा उल्लेखही करावा लागत नव्हता.

एक अवांतर. आपल्या घरांत ‘भाडं’ म्हटलं की आजोबांची पागडीची खोली आठवते, जिथे भाडं म्हणजे चहाच्या पैशांएवढं. त्या भाडेनियंत्रणाचं मूळ पहिल्या महायुद्धातलं आहे. ब्रिटनने १९१५ मध्ये भाडी रोखली, मुंबईत तसा कायदा १९१८ मध्ये आला. त्या विचारात सरकार मालकाला म्हणतं, एवढंच घे. १९८८ नंतरच्या ब्रिटनमध्ये सरकार मालकाला म्हणतं, हवं तेवढं घे, भाडेकरूकडे कमी पडलं तर आम्ही बघू. हे मी मीठमसाला लावून सांगत नाही. १९९१ मध्ये गृहनिर्माणमंत्री जॉर्ज यंग यांनी संसदेत सांगितलं होतं, की ज्यांना बाजारभावाचं भाडं झेपणार नाही त्यांचा ताण हाउसिंग बेनिफिट उचलेल. आज घरभाड्याच्या मदतीवर सरकार वर्षाला सुमारे ३० अब्ज पाउंड खर्च करतं. विटांवर खर्च व्हायचा तो पैसा भाड्यावर होऊ लागला.

ही मदत खोटी नाही, हे आधी मान्य करू. लाखो लोकांच्या डोक्यावर तिच्यामुळेच छप्पर आहे. प्रश्न आहे ती मोजली कशी जाते याचा. खासगी भाडेकरूंसाठी ‘लोकल हाउसिंग अलाउन्स’ नावाचा आकडा असतो. तुमच्या भागातल्या, तुमच्या कुटुंबाला साजेशा आकाराच्या घरांची भाडी चढत्या क्रमाने मांडा. २००८ मध्ये ही पद्धत देशभर आली तेव्हा त्या रांगेतल्या बरोबर मधल्या भाड्यापर्यंत मदत मिळायची. २०११ मध्ये तो काटा तिसाव्या टक्क्यावर आणला. म्हणजे शंभरातली तीस घरं तुमची, सत्तर नाहीत. त्या तीस घरांसाठी तुम्ही एकटेच रांगेत नसता हा भाग वेगळा. शिवाय या यादीत चालू करारांची भाडी धरतात, जाहिरातीत मागितलेली नव्हे, आणि नवं घर शोधणाऱ्याला तर जाहिरातीतलंच भाडं भरावं लागतं. पुढे २०१६ च्या एप्रिलपासून हा आकडा चार वर्षं गोठवला. चित्रपट आला त्याच वर्षी. आकडा गोठला, भाडी काही गोठली नाहीत.

२०२० मध्ये, महासाथीत, तो एका फटक्यात पुन्हा तिसाव्या टक्क्यावर नेला. मनात आणलं तर एका रात्रीत होतं, हे तेव्हा दिसलं. मग परत गोठवला, २०२४ मध्ये परत सोडवला, २०२५ मध्ये परत गोठवला. नळाला पाणी यावं-जावं तसं चाललंय.

आता हिशोब करू. समजा तुम्ही एकटे आहात, पस्तिशी ओलांडलेली आहे, काम सुटलंय. भाडं महिना ९५०, तुमच्या भागाचा आकडा ८००. वरचे १५० कुठून येणार? २०२५-२६ मध्ये पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या एकट्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिटचा जगण्याचा भाग म्हणून महिन्याला ४००.१४ पाउंड मिळतात. अन्न, वीज, बस, मोबाइल, साबण, सगळं त्यात. त्यातूनच पदरमोड करून १५० काढायचे. मालकाला भाडं थोडं कमी देता येत नाही. विजेचा प्रीपेड मीटर उधारी ऐकत नाही. आखडता येण्यासारखी एकच गोष्ट उरते. आपल्याकडे ‘पोटाला चिमटा काढून’ म्हणतात. इथे तो वाक्प्रचार उरत नाही, ती हिशोबाची पद्धतच होते.

आणि म्हणून फूड बँकेचा प्रसंग मला वेगळा दिसतो. भत्ता कापला जातो तेव्हा कायद्याने जगण्याचा भाग कापला जातो, घरभाड्याच्या मदतीला हात लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यात दया दिसेल: बघा, छप्पर तर ठेवलं! पण परिणाम काय होतो? केटी डबा फोडते त्या क्षणी तिच्या घराचा भाडेकरार बहुधा शाबूत आहे. घर शाबूत आणि चूल थंड. मदतीचे दोन भाग कागदावर वेगळे असतात, घरात ते एकाच पाकिटात येतात आणि पाकिटातला पहिला हक्क मालकाचा असतो. लोच आपल्याला थंड चूल दाखवतो, अप्रतिम दाखवतो. पण पाकीट दाखवत नाही. केटीच्या घराचं भाडं किती आणि ते कसं भागतं, हे दोनदा चित्रपट पाहूनही मला ऐकू आलं नाही.

यामुळे काय बिघडतं? खलनायक चुकतो. चित्रपटात दोष येतो तो काउंटरपलीकडच्या थंड चेहऱ्यांवर, फोनवरच्या न संपणाऱ्या संगीतावर, माउसला हात न लावलेल्या म्हाताऱ्याला ऑनलाइन फॉर्म भरायला लावणाऱ्यांवर. हे सगळं खरं आहे आणि चीड आणणारं आहे. पण जॉबसेंटरमध्ये ॲन नावाची एक सहृदय बाईही आहे. समजा काउंटरवरच्या प्रत्येक खुर्चीत एकेक ॲन बसवली. उशिरा आलेल्या केटीला तिने पाणी दिलं, भत्ता कापला नाही. तरी केटी लंडनला परतू शकली असती का? नाही. ॲनच्या हातात तो आकडाच नाही. चांगुलपणाने तिसावा टक्का पन्नासावा होत नाही.

तीनशे मैलांचंही तसंच. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानंतर कौन्सिलं बेघर कुटुंबाला खासगी भाड्याचं घर देऊन आपली जबाबदारी संपवू शकतात. २०१३ पासून एका कुटुंबाच्या एकूण भत्त्यांवर कमाल मर्यादाही आली. लंडनची भाडी त्यात बसेनात, म्हणून कौन्सिलं स्वस्त गावं शोधू लागली. वेस्टमिन्स्टरमधल्या एका आईला मिल्टन कीन्सजवळ घर देऊ केलं गेलं. तिने नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती लेडी हेल यांचं म्हणणं साधारण असं, की इतक्या लांब पाठवायचं तर जवळ घर का मिळालं नाही हे कौन्सिलला पटवून सांगता आलं पाहिजे. मला वाटतं, लोच आणि पटकथाकार पॉल लॅव्हर्टी यांच्या चित्रपटातला सगळ्यात नाट्यमय प्रसंग चित्रपटात नाहीच. तो कौन्सिलच्या एखाद्या टेबलावर, एक्सेलच्या पानावर घडून गेलाय.

आता तुम्ही म्हणाल, याच्याशी आपला काय संबंध? आपल्यातल्या बहुतेकांच्या व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं असतं की सार्वजनिक निधीवर तुमचा हक्क नाही. मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. पण बघा. पस्तिशीच्या आतल्या, मूलबाळ नसलेल्या एकट्या माणसाला खासगी भाड्याच्या घरासाठी सहसा एका खोलीपुरतीच मदत मिळते, स्वयंपाकघर आणि बाथरूम इतरांबरोबर. आधी ही अट पंचविशीपर्यंत होती, २०१२ मध्ये पस्तिशीपर्यंत ताणली. म्हणजे तुम्ही-आम्ही पाच जणांत एक फ्रिज वाटून घेतो तसल्याच खोल्या भत्त्यावरची तरुण माणसंही शोधत असतात. त्याच जाहिराती, तीच रांग.

आणि मालक? अनेकदा आपलेच. मी ज्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे तिथे गणपतीच्या फोटोंच्या मधे खोल्यांच्या जाहिराती येतात, आणि खाली एक ओळ असते: ‘नो डीएसएस’. ते खातं २००१ मध्येच मोडीत निघालं, नाव मात्र जाहिरातीत चिकटून राहिलंय. अर्थ एवढाच की सरकारी मदत घेणारा भाडेकरू नको. यॉर्कच्या काउंटी कोर्टाने २०२० मध्ये अशी सरसकट मनाई बेकायदा ठरवली. अशा मनाईचा फटका बायकांना आणि अपंगांना जास्त बसतो, म्हणून तो अप्रत्यक्ष भेदभाव. हे मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले आणि एका काकांचा फोन आला. ते म्हणाले, “अरे, तत्त्व ठीक आहे. पण पहिलं भाडं पाच आठवडे येत नाही त्यांचं, माझा बँकेचा हप्ता थांबतो का?”

काकांना मी तेव्हा चांगलं उत्तर देऊ शकलो नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता खरोखरच पाच आठवड्यांनी येतो, आणि मधल्या काळात मिळते ती उचल कर्ज म्हणून नंतर कापून घेतात. भाड्याचे पैसे सहसा भाडेकरूच्याच खात्यात येतात. स्कॉटलंडमध्ये ते थेट मालकाला द्यायची निवड भाडेकरूला करता येते, इंग्लंडमध्ये तशी मुभा नाही, तिथे थकबाकीसारखं कारण लागतं. काकांची भीती योजनेतूनच आली होती.

‘आय, डॅनियल ब्लेक’ पाहिला नसेल तर पाहा, पाहिला असेल तर केटीच्या नव्या घरातले प्रसंग परत पाहा. डॅनियल खिडक्यांना बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवतो, कुंड्या आणि मेणबत्त्यांची शेगडी करून देतो, विजेसाठी पैसे ठेवून जातो. बाथरूम घासताना टाइल निखळून केटीच्या हातात येते. ती रडते, पण मालकाला फोन करत नाही. मागच्या वेळी तक्रार केली तेव्हा काय झालं, हे तिला ठाऊक आहे.

परवा मी सरकारी संकेतस्थळावर माझा पोस्टकोड टाकून आमच्या भागातला एका खोलीचा आकडा पाहिला. माझ्या खोलीचं भाडं त्याच्यावर निघालं. आमच्याकडेही बाथरूमची एक टाइल गेले चार महिने सुटलेली आहे.