'सी' या क्रियापदाचा अर्थविस्तार आणि 'किंग लिअर'

इंग्रजीतील 'सी' हे क्रियापद विद्यार्थ्याला शाळेतच भेटते आणि 'पाहणे' हा त्याचा एकच अर्थ मनात पक्का बसतो. वस्तुतः डॉक्टरांकडे जाणे, पाहुण्याला दारापर्यंत पोहोचवणे, काम नीट पार पडेल याची दक्षता घेणे, एखाद्याशी प्रेमसंबंध असणे, इतकेच नव्हे तर 'समजले' असा नुसता होकार देणे, हे सारे या एका शब्दात सामावते. (पोपच्या धर्मपीठासाठी वापरला जाणारा 'सी' मात्र लॅटिनमधील आसनवाचक शब्दापासून आलेला, निराळा शब्द आहे.) पाहण्यातून जाणण्याकडे होणारे हे संक्रमण केवळ इंग्रजीचे नव्हे. इव्ह स्वीट्सर यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर चिकित्सा केली आहे. लॅटिनमधील पाहण्याचा धातू आणि संस्कृतातील 'विद्' हे सगोत्र आहेत; आपल्याकडे तर तत्त्वप्रणालीलाच 'दर्शन' म्हणतात.

मराठी वाचकाची खरी अडचण वेगळीच आहे. मराठीत 'मला दिसते' आणि 'मी पाहतो' यांत कर्तृत्वाचा भेद आहे. दिसणे आपोआप घडते, पाहणे आपण करतो. 'सी' हा भेद मिटवून टाकतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये याच संदिग्धतेवर नाट्य उभे आहे. पहिल्याच प्रवेशात केंट राजाला अधिक नीट पाहण्यास बजावतो. तेथे डोळे, विवेक आणि राजाची जबाबदारी हे तिन्ही अर्थ एकाच वेळी जागे असतात. पुढे डोळे गमावलेला ग्लॉस्टर, दृष्टी होती तेव्हाच आपण ठेचकाळलो अशी कबुली देतो. आणि चौथ्या अंकात लिअरशी भेट झाल्यावर जगाची रीत आपण स्पर्शाने, वेदनेने 'पाहतो' असे सांगतो. अनुवादकाने येथे 'समजते' हा सोयीचा शब्द योजला, तर आशय कळतो. पण आंधळ्याने डोळसांच्या क्रियापदावर सांगितलेला हक्क नाहीसा होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे नुकसान अलंकारापुरते मर्यादित नाही, ते व्यक्तिरेखेचे आहे. वर्गात डोळ्यांच्या प्रतिमांची यादी करून थांबण्याची आपली प्रथा या क्रियापदाकडे बहुधा दुर्लक्षच करते.

शेवट याहून अवघड आहे. कॉर्डेलियाचा देह हाती घेतलेला लिअर भोवतालच्यांना हे दिसते का असे विचारतो आणि लगेच तिच्या ओठांकडे बघण्यास विनवतो. या ओळी १६०८ च्या क्वार्टोत नाहीत. त्या १६२३ च्या फोलिओत येतात. विचारताना 'सी' आहे, विनवताना 'लुक'. ती जिवंत आहे असा भास राजाला झाला की तिचे मरणच तो इतरांना दाखवतो आहे, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. मराठीत 'दिसते का?' म्हटले तर भासाकडे कल झुकतो, 'पाहता ना?' म्हटले तर साक्षीदारांवर जबाबदारी येते. मूळ शब्द यांपैकी कोणतीच बाजू घेत नाही.