नोंद यंत्राची, नकार माणसाचा

परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचं सचिवपद तुम्ही वर्षभर सांभाळलं असेल, तर हे लगेच पटेल. गणेशोत्सव जवळ आला की ईमेलचा पाऊस पडतो आणि प्रत्यक्ष कामापेक्षा ‘कुणाला उत्तर द्यायचं राहिलं’ हे लक्षात ठेवणंच जास्त दमवतं.

लिनक्स कर्नेलच्या मेंटेनर मंडळींची हीच जुनी तक्रार. तिथले बदल, म्हणजे पॅच, आजही प्रामुख्याने ईमेलनेच पाठवले जातात. लोक त्यावर शेरे देतात, लेखक दुसरी-तिसरी आवृत्ती पाठवतो, आणि या गर्दीत एखादा चांगला पॅच हरवून जातो. २००५ साली आलेल्या गिटमुळे स्वीकारलेला कोड सांभाळायची सोय झाली. उत्तराची वाट पाहणाऱ्या पॅचचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

जेरेमी कर यांचं ‘पॅचवर्क’ त्यासाठीच आहे. ते येणाऱ्या ईमेलमधून पॅच वेचतं, त्यावरचे शेरे त्याच्याखाली लावतं आणि प्रत्येकाची स्थिती दाखवतं: नवा, तपासणीत, स्वीकारलेला, नाकारलेला. याचा मोठा गुण असा, की ते कुणालाही आपली सवय बदलायला लावत नाही. ईमेल पाठवणारा ईमेलच पाठवतो.

उणीवही इथेच आहे. स्थिती बदलायची कुणी? पॅच जसाच्या तसा घेतला तर यंत्राला तो ओळखता येतो. मेंटेनरने त्यात चार ओळी सुधारल्या की ओळख पटेलच असं नाही. मग यादी हाताने साफ करा. म्हणजे ओझं हलकं करणाऱ्या वहीचंच नवं ओझं! नेटवर्किंग विभागाने यावर चांगला तोडगा काढला. तिथे ईमेलच्या उत्तरात ठरावीक ओळ लिहिली की बॉट स्थिती बदलतो, शिवाय आलेले पॅच आपोआप तपासलेही जातात. पण त्याच विभागाच्या नियमांत बजावावं लागलं आहे, की केवळ यंत्राकडून तपासून घेण्यासाठी पॅच पाठवू नका, आधी स्वतः चाचणी करा. सोय झाली की फुकटेपणा मागोमाग येतो.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ‘एक्सझेड’ हा डेटा आकुंचित करणारा छोटा प्रकल्प आठवा. २०२२ मध्ये पॅच रखडल्याबद्दल त्याच्या मेंटेनरवर ईमेलमधून दबाव आला. त्याने मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या, हा बिनपगारी छंद आहे हेही लिहिलं. पुढे मदतीला आलेल्या ‘सज्जन’ हातानेच त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो उघड झाला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे एकाच्या ध्यानात आलं म्हणून. तिथे पॅचवर्क असतं तर किती पॅच पडून आहेत ते दिसलं असतं. माणूस किती थकलाय, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात दिसलं नसतं. उलट तुंबलेल्या यादीचा आकडा दबाव आणणाऱ्यांच्याच हाती आयता लागला असता.

म्हणून पॅचवर्क जरूर वापरा. आठवण ठेवण्याचं काम यंत्राकडेच शोभतं. वाचणं, पारखणं आणि ‘नाही’ म्हणणं माणसाकडेच राहणार, आणि मेंटेनर दमतो तो तिथेच. तुमच्यापैकी बरेचजण नोकरीच्या निमित्ताने असे पॅच पाठवत असतील. पुढचा पाठवण्याआधी यादीतला दुसऱ्या कुणाचा तरी एक पॅच नीट वाचा आणि त्यावर शेरा लिहा. तेवढा भार कुठलाही बॉट उचलत नाही.