'कॉमन-प्लेस' : एका ऑनलाइन इतिहास-नियतकालिकाचे चिकित्सक अवलोकन

प्रारंभिक अमेरिकेच्या इतिहासाला वाहिलेले 'कॉमन-प्लेस' हे ऑनलाइन नियतकालिक जेन कामेन्स्की व जिल लेपोर या इतिहासकारांनी २००० मध्ये सुरू केले. त्याचे नाव आवडलेले उतारे उतरवून ठेवण्याच्या वहीची आठवण करून देते. मराठीतील 'बाडा'शी या वहीचे साम्य आहे.

'ऑब्जेक्ट लेसन्स' या सदराने जुन्या वस्तूंकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, तर 'टेल्स फ्रॉम द व्हॉल्ट'ने वाचकास दप्तरखान्यात नेले. १८१२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या पाठबळामुळे हे वाचन विनामूल्य राहिले. परदेशी नियतकालिकांची वर्गणी न परवडणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब मोलाची होय.

तथापि, प्रारंभीच्या अंकांतील लेखांच्या अखेरीस बहुधा सविस्तर टीपांऐवजी 'अधिक वाचन' असा परिच्छेद आढळतो. त्यामुळे निवेदन सुबोध झाले. परंतु कोणते विधान कोणत्या साधनावर आधारलेले आहे, हे पडताळणे अवघड झाले. साधनचिकित्सा हा तर इतिहासलेखनाचा पाया आहे. हे लेख प्रमाण मानून उद्धृत करणारा विद्यार्थी नेमका तोच पाया गमावतो.

सारांश, 'कॉमन-प्लेस'मधून अभ्यासकाने इतिहासाला प्रश्न विचारण्याची रीत शिकावी; उत्तरांचे पुरावे मात्र मूळ साधनांतच शोधावेत.