पितृत्वाचा पुरावा : ‘युगान्त’मधील विदुर आणि धर्म

युधिष्ठिर हा विदुराचा औरस पुत्र असावा, असा तर्क इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) मांडला आहे. विदुर यमधर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा पुत्र. नियोगासाठी धाकटा दीर रूढिसंमत. शिवाय दोघांची वृत्ती सारखी, असे त्याचे काही दुवे. यांतील वृत्तिसाम्याचा दुवा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कच्चा आहे. द्यूताला विरोध करणारा विदुर आणि भावांसह पत्नीला पणाला लावणारा धर्म यांच्यातील अंतर तो झाकतो. सौम्यपणा तर सहवासानेही येतो. बर्लिनमध्ये १९३०च्या सुमारास कवट्या मोजून, त्यांच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध नाकारणारी संशोधिका हीच. हाडांबाबतची तिची सावधगिरी स्वभावाबाबत सैल पडते.

तर्काचे खरे बळ आश्रमवासिकपर्वातील प्रसंगात आहे. मरणोन्मुख विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. मरणारा पिता वाणी, प्राण, इंद्रिये पुत्राच्या ठायी ठेवतो, या उपनिषदांतील विधीशी हे जुळते. येथे वारसा रक्तातून नव्हे, विधीतून उतरतो.

मग या पितृत्वाचा उघड उच्चार का नाही? दासीपुत्राचा मुलगा म्हणून युधिष्ठिराचा राज्यावरील हक्क डळमळला असता, हे कर्व्यांचे उत्तर पटते. पण ते पुरते नाही. नियोगाची संतती क्षेत्राची, म्हणजे पांडूचीच. धीवरकन्येच्या पोटी जन्मलेला व्यास कुरुकुलाचा बीजदाता म्हणून उघडपणे चालतो. त्याचाच पुत्र विदुर मात्र चालत नाही. व्यासाला पराशराचे पितृत्व तारते, विदुराला व्यासाचेही तारत नाही.