प्रवासपटांतील मुकीं माणसें

मुख्य बोलपटापूर्वीं दहाएक मिनिटांचा एखादा प्रवासपट दाखविण्याची चाल चित्रगृहांतून एके काळीं सर्वत्र होती. अमेरिकेंतील जेम्स फिट्झपॅट्रिक ह्यांनीं १९३० सालापासून सुमारें पाव शतक मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीसाठीं ‘ट्रॅव्हलटॉक्स’ ह्या मालेंत असे दोनशेंहून अधिक लघुपट काढले. हॉलंड, आयर्लंड, ग्वाटेमाला, जपान, सयाम असा त्यांचा संचार होता. १९३७ सालीं ‘कलरफुल बाँबे’ ह्या नांवानें मुंबईचीहि पाळी येऊन गेली. हे पट आतां पुन्हां पाहावयास मिळूं लागले आहेत, आणि घरांतील मुलामाणसांसह ते अवश्य पाहावे असें आम्ही म्हणूं. मात्र पाहतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी.

ती ही कीं, ह्या पटांतील माणसें बोलत नाहींत. त्यांचे ओठ हलतात, तीं हंसतात, बाजारांत घासाघीस करतात. पण कानीं पडतो तो वाद्यवृंद, आणि त्यावर ‘भूगोलाचा आवाज’ अशी पदवी मिरविणाऱ्या फिट्झपॅट्रिकसाहेबांचा आवाज. ह्याचें कारण अंशतः यांत्रिक आहे. १९३४ पासून ही माला टेक्निकलरमध्यें निघूं लागली. त्या पद्धतीचा कॅमेरा एकाच वेळीं तीन पट्ट्यांवर चित्र घेई. तो अवजड असे व त्यास प्रखर उजेड लागे. जागेवरचा ध्वनि टिपण्याच्या भानगडींत कोणी पडत नसे. निवेदन व संगीत मागाहून कलागृहांत जोडीत. साहजिकच हा कॅमेरा भर उन्हांत चौकांत, घाटावर, बागेंत उभा राही. चुलीपर्यंत सहसा जात नसे. परक्या देशांतील मनुष्य आपल्याला भेटतो तो सदा घराबाहेर आणि बहुधा सणाच्या पोशाखांत!

परंतु सगळा दोष यंत्राच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं. निवेदकाची वृत्तिच अशी कीं, त्याला प्रत्येक देश ‘नयनरम्य’ व प्रत्येक प्रजा ‘संतुष्ट’ दिसते. दारिद्र्य दिसलेंच तर तें रंगाच्या छटेपुरतें. ज्या जपानचा फुलांचा बहर त्यांनीं १९३६ च्या सुमारास दाखविला, तें राष्ट्र १९३७ सालीं चीनशीं युद्धांत उतरलें. त्या बहरांत त्याची चाहूलहि लागत नाहीं. शेवटीं सूर्य मावळावयाचा आणि साहेबांनीं जड अंतःकरणानें त्या देशाचा निरोप घ्यावयाचा, हा ठराविक शिरस्ता. तो इतका ठराविक झाला कीं, फ्रँक म्यूर व डेनिस नॉर्डेन ह्या दोघां इंग्रज विनोदकारांनीं लंडनच्या बॅलहॅम नामक अगदींच साधारण उपनगराचें ह्याच थाटांत वर्णन लिहिलें. पीटर सेलर्स ह्यांच्या आवाजांत १९५८ सालीं त्याची तबकडी निघाली. प्रवासपटांवर ह्याहून चांगली टीका आम्हीं तरी ऐकली नाहीं.

डिस्ने कंपनीच्या ‘पीपल अँड प्लेसेस’ मालेंत (१९५३ ते १९६०) सुधारणा आहे. ‘दि आमा गर्ल्स’ ह्या पटांत समुद्रतळाचें शेवाळ काढणाऱ्या जपानी पाणबुड्या मुलींचे कष्ट तरी दिसतात. त्याला ऑस्कर पारितोषिकहि मिळालें. पण तेथेंहि मुलीच्या मनांत काय आहे तें सांगतो अमेरिकन निवेदकच.

हें अटळ होतें काय? नव्हतें, असें आम्ही म्हणतों, आणि त्यास बेसिल राइट ह्या इंग्रज दिग्दर्शकाचा ‘साँग ऑफ सिलोन’ (१९३४) हा पुरावा आहे. राइट ह्यांना सिलोनच्या चहा-प्रचार मंडळानें धाडलें तें असेच चार लहान प्रवासपट काढण्यासाठीं! परत आला तो सुमारें चाळीस मिनिटांचा एक सलग पट. त्याचें निवेदन रॉबर्ट नॉक्स ह्यांच्या १६८१ सालच्या ग्रंथांतून घेतलेलें आहे. हे नॉक्स कँडीच्या राज्यांत एकोणीस वर्षें बंदिवान होते. बंदिवानाला लोकांचें घर, जेवण, शेत पाहावयास भरपूर सवड असते. तें वाचलें आहे तेथल्याच लायोनेल वेंट ह्या छायाचित्रकारानें, आणि वाचण्यांत कोठेंहि हर्षवायु नाहीं. श्रीपादाचें शिखर चढणारे यात्रेकरू धापा टाकतात, थांबतात. पट त्यांच्यासाठीं थांबतो. घंटा वाजते, एक पक्षी दचकून उडतो आणि पाण्यावरून दूर जातो. तेवढ्या दृश्यांत त्या बेटाची जी शांतता कळते, ती दहा विशेषणांनीं कळत नाहीं. तिसऱ्या भागांत तर नवल केलें आहे. पडद्यावर माणूस माडावर चढत असतो आणि कानांवर बाजारभाव व व्यापारी पत्रव्यवहार पडत असतो. माडावरच्या माणसाला तो आवाज ऐकूं येत नाहीं. प्रेक्षकाला मात्र येतो, आणि नारळ कोणासाठीं पडतो हें कोणीं न सांगतां समजतें. चहावाल्यांच्या पैशांतून हें निघालें!

राइट ह्यांच्या पटांतहि सिंहली मनुष्य स्वतःची हकीकत स्वतः सांगत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण त्याच्या तोंडावर दुसऱ्याचा आनंद चिकटविलेला नाहीं.

फिट्झपॅट्रिकांचे पट तरीहि टाकाऊ नाहींत. रंग अजून टवटवीत आहेत. मागच्या गर्दींत, निवेदकाचें लक्ष नसलेल्या कोपऱ्यांत, एखादी बाई डोईवरचें ओझें सांवरीत कॅमेऱ्याकडे संशयानें पाहते, आणि तिच्याविषयीं साहेब कांहींच बोलत नाहींत. असे कोपरे शोधावयाचे असल्यास पट एकदां आवाज बंद करून पाहावा. सिलोनचा पट मात्र त्याच संध्याकाळीं आधीं लावूं नये. मग ट्यूलिपच्या बागा मुलांनासुद्धां पाहवणार नाहींत.