दुष्काळ-कटाची वदंता

स्टीव्हन कॅप्लन यांचा अठराव्या शतकांतील फ्रान्सच्या ‘दुष्काळ-कटा’वरील प्रबंध (१९८२) अभ्यासकांनीं अवश्य वाचावा. १७२५ ते १७७५ या काळांत पाव महागला कीं, मंत्री व व्यापारी संगनमतानें धान्य दडवितात, अशी वदंता पुनःपुन्हां उठे. तिजवर केवळ अडाणी लोकच नव्हे, तर अधिकारीही विश्वास ठेवीत, हें ग्रंथकारांनीं साधार दाखविलें आहे. मात्र तिला समाजमनाची घडण म्हणण्यावर त्यांचा जो भर आहे, तो आम्हांस अपुरा वाटतो. सन १७६५ त पॅरिसकरितां राजाचा धान्यसांठा राखण्याचा करार सरकारनें मालिसे यांजशीं केला, पण तो लोकांपुढें ठेविला नाहीं. १७६८ त तो उघड करूं पाहणारा ल प्रेव्हो द बोमाँ कैदेंत पडला. त्याची सुटका १७८९ त झाली. सांठा टंचाईच्या निवारणासाठींच होता. परंतु गुप्ततेमुळें तोच कटाचा पुरावा ठरला. महागाईनें संशय उत्पन्न होतो खरा. तो कोणावर जडतो, हें राज्यकर्त्यांच्या वर्तनावरून ठरतें. सबब अशा वदंतांचा इतिहास लिहितांना बाजारभावांबरोबर सरकारी दप्तरांतील गुप्त कागदही तपासणें अवश्य आहे, असें आमचें मत आहे.