कागदावर मराठी, संगणकात मात्र रोमन

यवतमाळला घरचा जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यातील प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर घेतल्या. उघडून पाहतो, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी!

दोष यंत्राचा नव्हता. त्या काळच्या अनेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट गेला, की मराठीही गेली. युनिकोडमध्ये १९९१ पासून ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे, फाँट बदलला तरी तो ‘क’च राहतो.

मग जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी दोन-तीन साधने वापरून पाहिली. साधे शब्द नीट बदलले. ‘स्थिती’चे मात्र ‘सि्थती’ झाले. असे का व्हावे? अशा फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराआधी साठवली जाते. युनिकोडमध्ये ती अख्ख्या जोडाक्षरानंतर येते. साधनाने तिला अर्ध्या ‘स’नंतरच सोडून दिले. चूक होणे एक वेळ समजू शकते. पण शंकास्पद शब्दांवर खूण करण्याची सोयही या साधनांत नव्हती. ही त्यांची खरी उणीव.

आपणही निर्दोष नाही. छापील कागद सुबक आला, की सॉफ्टवेअर उत्तम, असे आपण मानले. शिक्षकांनी यापुढे एक सोपी कसोटी लावावी. ‘स्थिती’, ‘विद्यार्थी’ असे शब्द लिहावेत, ते दुसऱ्या संगणकावर उघडावेत आणि शोधून पाहावेत. सापडले, तरच वर्षभराची टिपणे त्या सॉफ्टवेअरच्या हवाली करावीत.